राखणीची जागा

विमानतळावर पाखरं हाकलायचं काम धावजीकडे होतं. इंजिनात एक पारवा गेला तरी विमान पडू शकतं, म्हणून तो दिवसभर फटाके फोडत फिरायचा. तरी आठवडाभर पारव्यांचे थवे वाढतच होते. आज तर उतरायला आलेलं विमान थवा बघून पुन्हा वर गेलं.

साहेब भडकले. "हे पारवे शेजारच्या बाभुळगावला गेले तरी चालतील. उद्या इथं एक जरी दिसला, तर तुझी नोकरी गेली."

धावजी थव्यामागे पळत कुंपणापर्यंत गेला. पलीकडे तांड्यातल्या बायांनी ताडपत्र्यांवर ज्वारी वाळत घातली होती. मधोमध त्याचीच बायको, सुखीबाई.

"इथं कायले वाळत घातली वं?"

 

"तांड्यात पाखरं लय खाऊन राह्यले होते. मीच साऱ्या बायायले सांगतलं, तिकडं चला, हाकलाले आमचे हे हायेत."