स्कार्फ सोडायचा नाही

संध्याकाळी सहाच्या आत कॉम्प्युटरचा प्रोग्राम अमेरिकेला गेला नाही तर आमचं काम बंगळूरला जाणार होतं. तरी साहेब दर पाच मिनिटांनी केबिनमधून येऊन विचारत, "झालं का?" धायरीहून स्कूटीवर आलेल्या राजनंदिनीने त्या दिवशी तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ सोडलाच नाही. "अहो सर, स्कार्फ आहे तोवर मी रस्त्यावर आहे समजा. चालत्या गाडीला थांबवू नका." जेवणानंतर अख्ख्या हॉलने तोंडाला मिळेल ते फडकं गुंडाळलं. अशी शांतता पसरली की खिडकीतली कबुतरंसुद्धा चवड्यांवर चालू लागली. दारावरच्या शिपायाच्या खुर्चीतून मी पाहिलंय. पावणेसहाला कोपऱ्यात तोंडाला टॉवेल गुंडाळून बसलेल्या एकाचंच काम उरलं. सगळे भोवती जमलो. साहेबांची केबिन रिकामी, खुर्चीवरचा टॉवेल गायब. राजनंदिनीने वाकून विचारलं, "झालं का?" "मी रस्त्यावर आहे," टॉवेलमधून साहेब म्हणाले. आम्ही मुकाट बाजूला झालो. प्रोग्राम सहाच्या आत गेला.