धुईचे ठिपके

उन्हाळ्यात समुद्रावर धुकं का धरतं, यावर तेजस्विनीचं संशोधन चाललं होतं. पाणी किती गार, हवा किती दमट, वारा किती मंद, सगळं यंत्रांनी मोजून झालं. अडलं होतं ते जुन्या नोंदींपाशी. तेव्हा तिला घाटघरला राहणारे वडील आठवले. समुद्रावरचा ओला वारा कड्यावर चढला आणि धुई, म्हणजे दाट धुकं, धरली, की आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला कोळशाचा ठिपका द्यायचे, शेजारी वाऱ्याचा बाण काढायचे. तिनं फोन लावला.

“आप्पा, ती जुनी कॅलेंडरं आहेत का?”

“न्हाई गं. दर जूनला तूच पानं फाडून न्यायचीस, वह्यांना कव्हरं घालाया. एकदा म्हणलो, राहू दे. तर म्हणलीस, धुई मोजून काय मिळतंय?”

मग आप्पाच पुढं म्हणाले, “एक वही ठिवलीय मी. तुला पैकीच्या पैकी पडलं व्हतं, ती.”

रविवारी गावी जाऊन तिनं त्या वहीचं कव्हर हलक्या हातानं सोडवलं. आतल्या बाजूला मे महिन्याचे सात ठिपके होते. बाहेर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, विषय: भूगोल.