इनामदारांकडे पाठ

मोटार म्हणजे मानवाने अंतरावर मिळवलेला विजय, असे त्र्यंबकराव वकील सर्वांना सांगत. प्रत्यक्षात त्यांना फक्त इनामदारांकडे पाठ करायची होती.

इनामदारांसमोरून निघताना पाठ दाखवायची नाही, मागे-मागे सरकत जायचे, अशी गावची रीत होती. तसे सरकताना वकिलांचे वडील पायरीवरून पडले, तेव्हा इनामदार पोट धरून हसले होते. वकील ते हसू तीस वर्षे विसरले नव्हते.

मुंबईच्या दुकानदाराने दोन मोटारी दाखवल्या. “ही दीडशेने महाग, पण हिला पेट्रोलचा पंप आहे.”

“पंप विहिरीला लागतो,” म्हणत वकिलांनी स्वस्तातली घेतली आणि वर भोंगा फुकट काढला.

रविवारी इनामदार ओट्यावर दिसताच वकिलांनी मागच्या सीटवरून ड्रायव्हरला भोंगा वाजवायला लावला. धुळीचा लोट इनामदारांच्या मिशांवर बसला. पुढे चढ लागला आणि गाडी बंद पडली.

“टाकी शिटाखाली हाय, साहेब,” ड्रायव्हर म्हणाला. “पंप नसला की चढावर पेट्रोल इंजिनाला पोचत न्हाई. तोंड फिरवून उलटी चढवतो, म्हंजे टाकी इंजिनाच्या वर ऱ्हाईल.”

“दुसरा रस्ता?”

“न्हाई.”

गाडी घरंगळत खाली ओट्यासमोर येऊन वळली. इनामदारांकडे तोंड करून बसलेले वकील मागे-मागे जाऊ लागले. इनामदारांनी मिशा झटकल्या आणि हात किंचित उचलून मुजरा स्वीकारला.

“वडिलांचं वळण आहे हो पोरात,” ते कारभाऱ्याला म्हणाले. “आणि हा पडतही नाही.”

वकिलांचे घर चढाच्या वर होते आणि कोर्ट खाली.