उतरलेलं वजन

वजनकाटा 'टिंग' वाजला आणि घरातली शांतता मोडली. तिने श्वास रोखून खाली पाहिलं. महिनाभर घास न् घास मोजून खाल्ला, तरी उतरलं होतं जेमतेम दीड किलो. कालच शेजारच्या काकूंनी जिन्यात टोकलं होतं, "काय गं, पुन्हा लग्नाला उभी राहतेयस की काय?" तीही हसली होती. जिन्यात उभ्याउभ्या सांगणार तरी काय?

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. "तुमच्या यकृतात चरबी साठलीय. असल्या यकृताचा तुकडा मुलीला लावता येत नाही. उपाशी राहू नका, त्याने स्नायूच झिजतील. पण लागतं त्यापेक्षा रोज थोडं कमी खा, म्हणजे शरीर आपली साठवण जाळायला काढेल. निदान सहा किलो उतरू देत."

"आणि तोवर तिचं?" तिने विचारलं होतं. डॉक्टरांनी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.

"सरक ना आई, आता माझा नंबर." दुसरीतली लेक काट्यावर चढली. भिंतीवरच्या कागदावर दोघींचे महिन्यापूर्वीचे आकडे शेजारी शेजारी लिहिलेले होते. पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी लेकीने ते वाचले, बोटांवर वजाबाकी केली आणि टाळी वाजवली.

"तुझं दीडच उतरलं, माझं दोन! मी जिंकले ना, आई?"