नातवाची बोबडी

आजोबांनी आयुष्यभर रेडिओवर बातम्या वाचल्या, पण त्यांच्या तोंडून कधी ‘श’चा ‘स’ झाला नाही. नातू झाला आणि गडी पार विरघळला. “माज्या लाजाला दुदू हवं?” हे जे सुरू झालं, ते पोरगा शाळेत जायच्या वयाचा झाला तरी थांबेना. नातूही तसंच बोबडं बोलायचा; आता मात्र आजोबांना काळजी लागली.

“शाळेत पोरं हसतील हो याला,” म्हणत त्यांनी त्याला उच्चार सुधारणाऱ्या बाईंकडे नेलं.

बाईंनी आजोबांना बाहेर बसवलं. आजोबांनी दाराला कान लावला, तर आत नातू घडाघडा, अगदी स्वच्छ बोलत होता!

“मग आजोबांशी बोबडं का रे बोलतोस?” बाईंनी विचारलं.



“त्यांना अजून नीट बोलता येत नाही ना. कुणी हसू नये म्हणून मीपण तसंच बोलतो.”