घटिकापात्र

चंद्रावरच्या लग्नमंडपात घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी तरंगत होती. तळाच्या भोकातून पाणी शिरून ती बुडाली, की मुहूर्त. त्याला लागणारी एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं, उलटून गेली होती.

"निम्मीसुद्धा भरली नाही," गुरुजी पुटपुटले.

"बुडेल सावकाश," वधूपिता श्रीपाद बर्वे म्हणाले. अक्षता पडल्या की मृण्मयी नवऱ्याबरोबर मंगळावर निघणार होती, कायमची.

ती त्यांना टेकून बसली होती. "बाबा, इथं गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून पाणी हळू शिरतंय. हिला बुडायला एकूण तासभर लागेल. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलीत, आणि वाईहून ही वाटी आणताना एवढं लक्षात नाही आलं?"

"गणित करूनच आणली," तिचा हात न सोडता ते म्हणाले.