सोमवारचा बाक

मोठ्या बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि पेपरवेटखाली ठेवली.

"ऑटिझम. सव्वीस वर्षं शाळेत आहे मी, मंजुळाच्या आई. हा शब्द आज पहिल्यांदा वाचतेय."

"मलाही चार महिन्यांपूर्वीच कळला, बाई." सगुणा खुर्चीच्या कडेवर टेकली होती. "माझं मागणं फार नाही. तिचा बाक तेवढा बदलू नका. दाराजवळचा, भिंतीकडचा. वर्षभर तोच राहू दे."

डोंबिवलीतल्या त्या शाळेत ब्याण्णव साली सहावीच्या एका वर्गात बहात्तर मुलं होती आणि पंखे दोन. पंख्याखाली कोणी बसायचं यावरून पालक भांडायला येत, म्हणून दर सोमवारी सगळ्यांचे बाक बदलत. शनिवारी दुपारपासून मंजुळाचं जेवण तुटे. रविवारी ती बाथरूमला आतून कडी लावून तासतासभर बसे. बाहेर येई तेव्हा तोंड धुतलेलं, केस विंचरलेले.

"एकीला सूट दिली की उद्या एकाहत्तर आया माझ्या दारात," बाई म्हणाल्या. "आणि मला काही दिसायला तर हवं? वर्गशिक्षिका म्हणतात, इतकं शांत पोर वर्गात दुसरं नाही. थांबा, तिलाच बोलावू."

हे होणार, हे सगुणाला ठाऊक होतं. तीन दिवस ती मंजुळाला समोर बसवून विचारत होती, "वर्गात तुला कसली भीती वाटते?" आणि मंजुळा सांगत होती, "बाक बदलला की मला वर्ग ओळखू येत नाही. बाई बोलतात ते कळत नाही, नुसता आवाज येतो." वाक्यं तिचीच होती. सगुणाने फक्त पाठ करून घेतली होती.

मंजुळा आली. दोन वेण्या, हात मागे बांधलेले. तिने बाईंच्या कुंकवाकडे पाहिलं. डोळ्यांत बघवत नसेल तर कुंकवाकडे बघायचं, समोरच्याला कळत नाही, हेही सगुणानेच कधीतरी शिकवलं होतं.

"काय मंजुळा? मजेत ना?"

प्रश्न वेगळा होता. याचं उत्तर तिला चौथ्या वर्षीच, आल्यागेल्या पाहुण्यांसाठी, शिकवून ठेवलेलं.

"हो बाई, मजेत." ती हसली. वरचे दात दिसतील इतकंच.

"शाळा आवडते?"

"हो बाई."

"बाक बदलला की त्रास होतो म्हणे तुला?"

"नाही बाई."

"मंजू," सगुणा म्हणाली, "घरी सांगतेस ते सांग ना गं."

मंजुळाने तोच हसरा चेहरा आईकडे वळवला. तिला पुढचं येत नव्हतं.

मग, जे कोणाला दाखवणार नाही असं सगुणाने मंजुळाला कबूल केलं होतं, तेच तिने दाखवलं. मंजुळाचा डावा हात पाठीमागून ओढून टेबलावर धरला. मनगटावर दातांचे व्रण होते. ताजे लाल, त्यांच्याखाली जुने काळेनिळे.

"हे बघा, बाई. दर रविवारी."

बाईंनी चष्मा सावरला.

"घड्याळ आहे, बाई," मंजुळा म्हणाली.

बाई खळखळून हसल्या. "अगं बाई! अहो, आम्हीही काढायचो की लहानपणी, दातांनी चावून! आणि काय गं, किती वाजले तुझ्या घड्याळात?"

मंजुळाने भिंतीवर नजर टाकली. "अकरा वाजून वीस मिनिटं, बाई."

"बघा! आणि या पोरीला तुम्ही मुंबईच्या डॉक्टरांकडे नेताय."

सगुणाच्या मुठीतला तो हात थंडगार होता. टेबलापलीकडून ते कळण्यासारखं नव्हतं.

"एकुलती एक आहे ना, म्हणून जीव घाबरा होतो तुमचा. मी सांगते काय करू. सोमवारी कोणी कुठे बसायचं, ती यादी यापुढे हीच फळ्यावर लिहील. सगळ्यांना आपापल्या जागी बसवेल. भीड चेपते अशाने. करशील ना गं?"

"हो बाई."

बाईंनी पेपरवेट उचललं आणि चिठ्ठी पुढे सरकवली. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ही घरीच ठेवा. शाळेच्या कागदांत एकदा लागली की निघायची नाही. मुलीची जात आहे. उद्या स्थळं बघाल, तेव्हा मला दुवा द्याल."

त्या हे मायेनेच बोलत होत्या. सगुणाला तेही कळत होतं. तिने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली आणि 'येते' म्हणून उठली.

व्हरांड्यात मंजुळाचा चेहरा पाटी पुसावी तसा कोरा झाला.

"तू दाखवलंस," ती म्हणाली.

तक्रार नव्हती. झालेली गोष्ट तिने सांगितली. हात पुन्हा मागे बांधले आणि वर्गाच्या दाराशी जाऊन स्वच्छ आवाजात विचारलं, "आत येऊ, बाई?"

सगुणाला जिना उतरवेना. स्टुलावर बसलेल्या कमळाबाई शिपाईण म्हणाल्या, "झालं का काम, ताई?"

"झालं."

वर्गात शिक्षिका काहीतरी गमतीचं बोलल्या असाव्यात. हशाचा लोट व्हरांड्यात आला, भिंतींवर आदळला, ओसरला. सगळे गप्प झाले. आणि मग एकटंच एक हसू सुरू झालं, मंजुळाचं.